पाळी कुणाची?

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडच्या बहुतेक शहरांतल्या बागांमध्ये ‘ओपन जिम’ आल्या. भडक रंगांचे लोखंडी सांगाडे, काँक्रीटमध्ये गाडलेले. एकावर उभं राहून पाय मागेपुढे झुलवायचे, दुसऱ्यावर बसून दांडा छातीकडे ओढायचा, तिसऱ्याच्या गोल चकतीवर उभं राहून कंबर डावी-उजवीकडे वळवायची, चौथ्याचं मोठं चाक हातांनी फिरवत राहायचं. व्यायामाची खरीखुरी आवड असलेली माणसं या यंत्रांना हसतात. माझा भाचा महिन्याचे पैसे भरून जिमला जातो. तो म्हणतो, “मावशी, ह्याच्यावर तासभर बसलीस तरी काही फरक पडायचा नाही. त्यापेक्षा बाकावर बस.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. या यंत्रांना वजनाच्या चकत्या नसतात. दांडा ओढला की तरफेनं आपलंच आसन आपल्यासकट थोडं वर उचललं जातं. पाय झुलवायचं यंत्र म्हणजे तर नुसता लंबक. आज जेवढा जोर लागला तेवढाच सहा महिन्यांनीही लागणार. स्नायू वाढवायचे तर भार वाढवत न्यावा लागतो, आणि इथे तशी सोयच नाही.

मला मात्र या यंत्रांकडे बघताना पडणारा प्रश्न स्नायूंचा नाही. बागेतलं व्यायामाचं साधन कुणाचं असतं? ते वापरणारा माणूस शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय देणं लागतो? आणि ‘सगळ्यांसाठी खुलं’ या शब्दांचा नेमका अर्थ काय? वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहेत. पण न्याय म्हणजे काय, याचे पहिले धडे मला शाळेत किंवा घरात मिळाले नाहीत. ते मिळाले कोल्हापुरातल्या एका बागेत, तीन लोखंडी वस्तूंच्या भोवती. त्या धड्यांत काय होतं आणि काय राहून गेलं होतं, हे पन्नाशी उलटल्यावर जरा नीट दिसू लागलं आहे.

*

गोष्ट १९८० च्या आसपासची. बाग साधीच होती. मधोमध बंद पडलेलं कारंजं, कडेनं मेंदीचं कुंपण, एक घसरगुंडी, दोन झोपाळे. आणि एका कोपऱ्यात, खेळण्यांपासून जरा लांब, सिंगल बार, डबल बार आणि एक आडवी शिडी. सिंगल बार दोन उंचींचे होते. शिडी डोक्यावरून आडवी गेलेली; तिच्या पायऱ्या धरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोंबकळत जायचं. पाइप बहुधा शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होऊन आले असावेत. जोड ओबडधोबड होते, रंग कधीकाळी हिरवा असावा. त्यांच्यावर कुणाचं नाव नव्हतं, पाटी नव्हती, कसं वापरायचं ते सांगणारं चित्र नव्हतं.

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर बारला हात लावायची सोय नसे. पावसाळ्यात तो इतका निसरडा व्हायचा की तळहाताला माती चोळून धरावा लागे. लोंबकळून घरी गेल्यावर हाताला लोखंडाचा वास यायचा, साबणानं धुतला तरी जेवताना यायचाच. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले की ते एकमेकांना दाखवायचे. आणि एक गोष्ट पक्की आठवते: बारचा मधला हात-दीड हात भाग चांदीसारखा चकचकीत होता, दोन्ही टोकांना मात्र गंज. सगळे जण मधेच धरायचे म्हणून.

हे चकचकीत लोखंड मला पुढे बऱ्याचदा आठवलं. जी गोष्ट जास्तीत जास्त लोकांच्या मालकीची, तिची काळजी कमीत कमी घेतली जाते, असं अ‍ॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणून ठेवलं आहे. आपल्याकडे त्यालाच बारभाईची खेती म्हणतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं ‘सायन्स’ या नियतकालिकात याच मुद्द्यावर एक लेख लिहिला आणि तो फार गाजला. गावाचं एक कुरण आहे. आणखी एक जनावर चरायला सोडलं तर फायदा एकट्या गुराख्याचा, तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. प्रत्येक जण तसाच विचार करणार, म्हणून कुरण उजाड होणार, असा त्याचा सिद्धान्त.

आमच्या बारचं उलटं होतं. जिथे हात लागत होते तिथेच लोखंड शाबूत होतं. गंज धरला होता तो न वापरलेल्या टोकांना. अर्थात बार म्हणजे गवत नव्हे. तो वापरून संपत नाही. पण त्याच्याभोवती एक गोष्ट संपणारी होती: वेळ. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दीड-दोन तास, लोंबकळण्याजोगे बार दोन, आणि मुलं पंधरा-वीस. आमचं कुरण म्हणजे ते दोन तास.

*

कोल्हापूर हे तालमींचं गाव. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं कुस्ती न बघणाऱ्यालाही ठाऊक असतात, आणि शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली झालेलं खासबाग मैदान तर गावाच्या अभिमानाचा विषय. तालमीत वस्ताद असतो. मातीत कुणी उतरायचं, जोर-बैठका किती काढायच्या, कधी थांबायचं, हे तो ठरवतो. बागेतल्या बारला वस्ताद नव्हता. माळीमामा होते, पण त्यांचं लक्ष फुलं तोडणाऱ्यांवर. त्यामुळे नियम मुलांनाच करावे लागले.

पहिला नियम वीस आकड्यांचा. एकानं लोंबकळायचं, वीस म्हणून झाले की उतरायचं. हे ठरलं खरं, पण मोजायचं कुणी? रांगेतला पुढचा मोजू लागला की ‘एकदोनतीनचार’ एका श्वासात व्हायचं. लोंबकळणारा स्वतः मोजू लागला की प्रत्येक आकडा रबरासारखा ताणला जायचा. बरीच भांडणं झाली, आणि शेवटी असं ठरलं की जो नुकताच उतरलाय त्यानं मोजायचं. त्याची हौस भागलेली असते आणि पुढची पाळी सगळ्यांच्या शेवटी असते. आकडे पळवून त्याला लगेच काही मिळत नाही, लांबवूनही मिळत नाही. न्यायाधीश कसा असावा याबद्दल पुढे मी बरंच वाचलं. पण ज्याचं पोट भरलंय आणि ज्याला इतक्यात भूक लागणार नाही त्यानं वाढावं, इतकी सोपी व्याख्या कुठे सापडली नाही.

दुसरा नियम लिंबूटिंबूचा. कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ मागे लागून आलेला असतो. त्याचा हात बारला पोचत नाही, त्याला उचलून धरावं लागतं. त्याला दहाच आकडे, पण हात सुटून खाली आला तरी त्याची पाळी जात नाही. तो खेळात असतो, हिशोबात नसतो. काही गावांत त्याला कच्चं लिंबू म्हणतात. मोठ्यांच्या न्यायशास्त्रात या कल्पनेला जागा शोधणं अवघड आहे. समता म्हणते, सगळ्यांना सारखं द्या. गुणवत्ता म्हणते, ज्याला जमतं त्याला द्या. लिंबूटिंबूचा नियम म्हणतो, तुला जमत नसलं तरी तू आमच्यातला आहेस, आणि तुझ्यासाठी नियम थोडा वाकवला म्हणून आमचं काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट नियमात बसणारी नव्हती. सहा वाजले की कॉलेजातले दादालोक यायचे. ते बारवर हनुवटी टेकेपर्यंत स्वतःला उचलायचे. त्यांतला एक तर बारभोवती पूर्ण गिरकी घ्यायचा. ते आले की लहान मुलं बाजूला व्हायची. कुणी कुणाला हाकलत नसे. त्यांना जमतंय, एवढं कारण पुरेसं होतं.

अमर्त्य सेन यांच्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) या पुस्तकात तीन मुलं आणि एका बासरीचं उदाहरण आहे. बासरी कुणाला द्यावी? एकीला ती वाजवता येते. दुसऱ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरीनं ती खपून बनवली आहे. सेन यांचा मुद्दा असा की तिन्ही दावे वजनदार आहेत, आणि निःपक्षपाती माणसंसुद्धा विचार करून वेगवेगळ्या निर्णयाला येऊ शकतात. हे वाचताना मला बागेतला बार आठवला. दादालोकांना जमत होतं. आम्हा लहानांकडे संध्याकाळी दुसरं काही नव्हतं. आणि ज्यानं तो बनवला तो वेल्डर कदाचित त्या बागेत कधी आलाही नसेल.

पण बासरीत आणि बारमध्ये एक फरक आहे. बासरी कुणातरी एकाला देऊन टाकता येते. तो ती घरी नेतो, उशाशी ठेवतो, वाजवायची तेव्हा वाजवतो. बार घरी नेता येत नाही. म्हणून ‘कुणाला द्यायचा’ हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. ‘कुणी कधी उतरायचं’ एवढाच प्रश्न उरतो. खाजगी वस्तूच्या बाबतीत न्याय म्हणजे मिळणं. सार्वजनिक वस्तूच्या बाबतीत न्याय म्हणजे, निम्मा तरी, सोडणं. हात अजून दुखत नाहीत, आणखी दहा आकडे सहज काढता येतील, तरी वीस झाले म्हणून उतरायचं. मागच्याला ते आपण दान देत नसतो. ते त्याचंच असतं. वीस आकड्यांपुरतं आपल्याकडे आलेलं असतं.

हार्डिनला सगळ्यांत समर्पक उत्तर दिलं ते एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी. १९९० सालच्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकात त्यांनी स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावकीची रानं, स्पेनमधले कालवे अशी शेकडो वर्षं टिकलेली सामाईक साधनं तपासली. त्यांना दिसलं ते असं की जिथे वापरणारी माणसं स्वतः नियम करतात आणि स्वतःच एकमेकांवर लक्ष ठेवतात, तिथे कुरण उजाड होत नाही. कालव्यावर ज्याची पाळी संपत आली आहे त्याला ती लांबवायची असते, ज्याची सुरू होणार आहे त्याला लवकर हवी असते. दोघंही त्या वेळी बांधावर हजर असतात, त्यामुळे वेगळा शिपाई लागत नाही. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या उदाहरणांत शोभेल अशी व्यवस्था आपल्याकडेही होती. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांच्या काठी फड पद्धत चालायची. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते गावकरी ठरवायचे आणि पाटकरी ते अमलात आणायचा. आजही कालव्याच्या पाण्याबद्दल बोलताना शेतकरी जो शब्द वापरतो, तोच आमच्या बारपाशी ऐकू यायचा. पाळी.

*

मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि दुसरा अर्थ मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी कळतो.

मला तो कळला तेव्हा बार बंद झाला. ‘बारवर जायचं नाही’ असं कुणी म्हटलं नाही. आई एवढंच म्हणाली, “आता फ्रॉकात लोंबकाळायचं वय आहे का तुझं?” आज्जी म्हणाली, “कुठंतरी लागंल, पोरी.” दोघींच्या बोलण्यात राग नव्हता. मी काही दिवस बागेत गेले, घसरगुंडीपाशी उभी राहिले, मग जाणं आपोआप थांबलं. माझ्याबरोबरच्या चौघी-पाच जणींचंही थोड्याफार फरकानं तसंच झालं. एक पाळी सुरू झाली आणि दुसरी संपली. मुलगे तिथेच राहिले, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्यातलेच काही दादालोक झाले.

इथे मला जे म्हणायचं आहे ते नीट मांडायला हवं. रांगेत कुणावरही अन्याय झाला नव्हता. वीस आकडे कुणाला कमी मिळाले नाहीत. मोजणारा प्रामाणिक होता. लिंबूटिंबूला सांभाळून घेतलं जात होतं. तरीही रांग लहान होत गेली, आणि ती लहान झाल्याचा त्रास रांगेतल्या कुणालाच झाला नाही. उलट प्रत्येकाची पाळी लवकर येऊ लागली. रांगेबाहेर गेलेल्या माणसाची गैरहजेरी रांगेतल्यांच्या फायद्याची असते. म्हणून ती कुणाला सलत नाही, आणि तिची चौकशी करायला रांगेतून सहसा कुणी निघत नाही.

माळीमामांची मुलगी नऊ-दहा वर्षांची होती. ती कमरेवर धाकट्या भावाला घेऊन बारपाशी येऊन उभी राहायची. तिचा नंबर आला की कुणीतरी विचारायचं, आणि ती म्हणायची, “नको.” मग पुढच्याची पाळी. हे रोजचं होतं. कमरेवर मूल असताना बारला लोंबकळता येत नाही; खाली ठेवलं तर ते रडतं, नाहीतर मेंदीत शिरतं. रांगेचा न्याय ‘नको’ हे उत्तर मान्य करतो आणि पुढे सरकतो. त्या ‘नको’च्या मागे ‘मला इच्छा नाही’ आहे की ‘मला शक्य नाही’, हे विचारायची तरतूद रांगेच्या नियमांत नसते. तसं विचारायचं ठरवलं, तर पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो: मग तेवढा वेळ मूल कोण धरणार? ज्या क्षणी तो प्रश्न आला, त्या क्षणी रांगेतल्या कुणालातरी हात पुढे करावा लागतो. नुसतं आपली पाळी संपल्यावर उतरणं तेव्हा पुरत नाही.

हा फरक सेन यांच्याच लेखनात अनेक ठिकाणी येतो. साधन समोर असणं वेगळं, आणि त्याचा आपल्याला उपयोग करता येणं वेगळं. सगळ्यांना सारख्याच सायकली वाटल्या तरी ज्याला पायडल मारता येत नाही त्याला वाहन मिळालेलं नसतं. बार सगळ्यांसाठी खुला होता, यात शंका नाही. फक्त त्याच्यापर्यंत पोचायचं तर दोन्ही हात मोकळे लागत, कपडे विशिष्ट लागत, आणि वय एकतर बाराच्या आत, नाहीतर मग आपण मुलगा असायला हवं होतं.

*

बार असा का होता, याचं उत्तर त्याच्या जन्मातही आहे. सिंगल बार आणि डबल बार ही साधनं रुजवण्याचं श्रेय फ्रीडरिश लुडविग यान या जर्मन शिक्षकाला दिलं जातं. १८०६ साली नेपोलियननं प्रशियाचा पराभव केला. त्या पराभवानं पेटलेल्या यानने १८११ साली बर्लिनबाहेरच्या हाझेनहायडं या माळावर उघड्यावरची व्यायामशाळा सुरू केली. हेतू उघड होता: तरुण मुलगे बळकट करायचे आणि देश सोडवायचा. पुढे प्रशियाच्या राजवटीलाच या तरुणांची भीती वाटू लागली. १८१९ मध्ये यानला अटक झाली, पाठोपाठ सार्वजनिक व्यायामावर बंदी आली, आणि ती उठायला १८४२ साल उजाडलं. व्यायामाच्या एका दांड्याला सरकार घाबरतं, यावरून तो दांडा कुणासाठी रोवला होता हे कळतं.

आपल्या मल्लखांबाचीही गोष्ट फार वेगळी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी तो नव्यानं घडवला, तो मल्लांसाठी. नावातच मल्ल आहे. थोडक्यात, व्यायामाचं प्रत्येक साधन मनात कुठलंतरी शरीर धरून बनवलेलं असतं. बारच्या मनातलं शरीर तरुण, पुरुषाचं आणि लढाईला निघालेलं होतं.

याला अपवाद आहेत, आणि त्यांतला एक फार गोड आहे. चार्ल्स हिंटन नावाचा गणिती जपानमध्ये शिकवत असताना त्यानं आपल्या मुलांसाठी बांबूंचा चढायचा सांगाडा बांधला. वर-खाली, आजूबाजूला, पुढे-मागे अशा तिन्ही मितींतली जागा मुलांच्या अंगात भिनावी, म्हणजे पुढे चौथी मिती समजणं सोपं जाईल, असा त्याचा होरा. चौथी मिती मुलांना समजली नाही, पण सांगाडा त्यांच्या लक्षात राहिला. त्यांतल्या सेबास्टियननं मोठेपणी १९२० च्या दशकात अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, आणि शाळांतल्या, बागांतल्या ‘जंगल जिम’ तिथून निघाल्या. एका बापाच्या मनात सैनिकाऐवजी भूमिती होती, तर सांगाडा असा झाला की ज्यावर कुणीही कसंही चढावं.

आजच्या ओपन जिमच्या यंत्रांच्या मनातलं शरीर आणखी निराळं आहे. चीननं १९९५ साली सगळ्या जनतेसाठी व्यायामाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि त्यानंतर तिथल्या वस्त्यावस्त्यांत अशी यंत्रं बसली. त्यांच्यावर गर्दी करणारे मुख्यतः पेन्शनीत निघालेले म्हातारे-म्हाताऱ्या. आपल्याकडेही हेच दिसतं. ही यंत्रं साडीत वापरता येतात, चपला घालून वापरता येतात, गुडघे दुखत असले तरी वापरता येतात. त्यांच्यावर नापास होता येत नाही. माझा भाचा हसतो ते नेमकं याच गोष्टीला.

*

मी आता राहते तिथल्या बागेत सकाळी सहा-साडेसहाला पाहावं. पायात स्पोर्ट्स शूज आणि अंगावर साडी अशा बायका दोघी-दोघी शेजारी उभ्या राहून पाय झुलवत असतात. सुनेची बाळंतपणं, गॅसचा भाव, कुणाची बायपास, सगळं बोलून होतं. व्यायाम किती होतो हे भाच्याला विचारावं. पण चाळीस-पन्नास वर्षं घरात आणि कामावर राबलेल्या बाईनं, स्वतःच्या शरीरासाठी ठेवलेल्या एका वस्तूवर, उघड्यावर, चारचौघांदेखत उभं राहणं ही गोष्ट लहान नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईवरच्या पुस्तकात दाखवलं आहे की सार्वजनिक जागेत वावरताना बाईला कायम काहीतरी कारण दाखवावं लागतं. भाजी, बस, मुलाची शाळा. नुसतं थांबायला तिला मुभा नसते. ओपन जिमनं या बायकांना एक कारण पुरवलं आहे. “काय करताय?” असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे: “व्यायाम.”

म्हणजे ज्या यंत्राला काहीच मागता येत नाही म्हणून त्याची टिंगल होते, त्यानंच बारनं बाहेर ठेवलेल्यांना आत घेतलं. हे लिंबूटिंबूचं औदार्य आहे. पण लिंबूटिंबूची दुसरी बाजूही विसरता येत नाही. पाच वर्षांच्या पोराला हिशोबात न धरणं हा जिव्हाळा. पण आठव्या वर्षीही त्याला दहाच आकडे दिले तर तो अपमान. सिंगल बार कठोर होता, पण खरं बोलायचा. ज्या दिवशी पहिल्यांदा हनुवटी बारच्या वर गेली, त्या दिवशी मला स्वतःबद्दल जे कळलं ते कुठल्याही झुलत्या यंत्रानं मला सांगितलं नसतं. बायकांना आणि म्हाताऱ्यांना यंत्र द्यायचं आणि बार मात्र पैसे भरून जाणाऱ्या तरुणांच्या जिममध्ये न्यायचा, असं झालं तर एक दार उघडून दुसरं लावून घेतल्यासारखं होईल. नव्या ओपन जिममध्ये खाली-वर उंचीचे साधे बार फार क्वचित दिसतात. ते हवेत. कमी उंचीचा तर हवाच.

आणि आणखी एक गोष्ट हरवली आहे: मोजणारा. आताच्या यंत्रांवर कुणी मोबाइल बघत पंधरा मिनिटं बसून राहिलं तर कुणी काही म्हणत नाही. मागे उभा असलेला माणूस निमूट दुसरीकडे जातो. नियम आता माणसांत नसतात, पाटीवर असतात. यंत्रावर ज्यांच्या निधीतून ते आलं त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, आणि बेअरिंग जाम झालं की सगळे त्या नावाची वाट बघतात. लहान मुलांनी यंत्रं वापरू नयेत असंही पाटीवर असतं. मुलं ती वापरतातच. मग एखादे आजोबा ओरडतात, “ही खेळणी नाहीत!” पाटी आजोबांच्या बाजूनं असते. पण परवा एका पोरानं त्यांना उत्तर दिलं, “आजोबा, तुमचं झालं की सांगा, मी थांबतो.” आजोबांना राग आला होता की नाही ते माहीत नाही, पण पाच मिनिटांनी ते उतरले, आणि पोराचं बोट चेमटू नये म्हणून यंत्राच्या बाजूला उभे राहिले. पाटीवर नसलेला तो नियम दोघांनी तिथल्या तिथे केला होता.

रांगेचा प्रश्न मात्र अजूनही सुटलेला नाही. कित्येक शहरांत बागा सकाळी दहा-अकरापर्यंत आणि पुन्हा चारनंतर उघड्या असतात. मधे कुलूप. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईला मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारी एक ते चार. सकाळी ती दुसऱ्यांच्या घरी असते, संध्याकाळी पुन्हा दुसऱ्यांच्या किंवा स्वतःच्या स्वयंपाकघरात. यंत्रं तिच्यासाठीही खुली आहेत, असं कुणीही शपथेवर सांगेल. ती येत नाही याचा अर्थ तिला नको आहे, असं धरून आपण पुढे सरकतो.

सार्वजनिक वस्तू सगळ्यांची असते म्हणणं सोपं आहे, कुणाचीच नसते म्हणणंही सोपं आहे. माझ्या मते ती त्या माणसाची असते ज्याची पाळी आहे, आणि तेवढ्या वेळेपुरतीच. यातून तीन कामं आपल्या वाट्याला येतात. वेळ झाली की उतरायचं. उतरल्यावर प्रामाणिकपणे दुसऱ्यासाठी मोजायचं. ही दोन मुलंसुद्धा करतात, मोठ्यांनी ती पुन्हा शिकायला हरकत नाही. तिसरं काम अवघड आहे, कारण त्याची आठवण करून द्यायला रांगेत कुणी नसतं: रांग अचानक लहान झाली आणि आपली पाळी लवकर आली, तर खूश होण्याआधी मागे वळून पाहायचं, की इथे कालपर्यंत कोण उभं होतं.